वासराला उरलेलं नको, मोजून द्या



एरवी या नंबरवरून फवारणी, खत, हवामान असे चार ओळींचे मेसेज येतात. आजचा मेसेज मोठा आहे. संध्याकाळच्या धारा आटोपल्या की निवांत वाचा. आणि घरात वासरांना दूध पाजायचं काम जिच्याकडे आहे, तिला आधी वाचायला द्या. थंडी पडायला लागली आहे, येत्या दोन महिन्यांत आपल्या सभासदांच्या बऱ्याच गाई विणार आहेत, म्हणून हा विषय आत्ताच घेतला.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपण गाय मोजून सांभाळतो आणि वासरू उरलेल्यावर सांभाळतो. गाईला पेंड किती, मुरघास किती, फॅट किती लागली, सगळं तोंडपाठ असतं. वासराला मात्र कॅन भरून उरलेलं दूध, गाईंच्या गव्हाणीतला उरलेला चारा आणि गोठ्यातला उरलेला कोपरा. त्याचं वजन किती हे विचारलं तर सांगता येत नाही. मग हीच कालवड तीन वर्षांची होऊनही माजावर येत नाही, तेव्हा आपण दोष देतो वळूला किंवा नशिबाला.

हे बदलायला हवं. त्यात दया आहे, तसाच धंद्याचा हिशोबही आहे.

*हे असं कधीपासून झालं?*

गावरान गाय होती तेव्हा प्रश्न फारसा नव्हता. वासरू सोडल्याशिवाय ती पान्हाच सोडायची नाही, त्यामुळे वासराच्या तोंडी थोडंफार दूध जायचंच. १९६७ साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी बाएफ संस्था सुरू केली. पुढच्या काळात अशा संस्था, सरकारी दवाखाने आणि दूध संघ यांच्या कामातून संकरित गाय आपल्या दारात आली. ती वासराशिवाय दूध देते. सोय झाली, उत्पन्न वाढलं. पण त्याच दिवसापासून वासराला किती दूध मिळणार हे गाईच्या हातात राहिलं नाही, ते माणसाच्या हातात आलं. आणि माणसाच्या डोळ्यासमोर कॅन असतो.

अजून एक गोष्ट स्पष्टच सांगते. बहुतेक घरांत वासराला पाजते घरची बाई आणि डेअरीला किती लिटर जाणार हे ठरवतो घरचा गडी. वासरू हगायला लागलं की बोल मात्र तिला बसतो. दूध किती राखून ठेवायचं हे पाजणारीला ठरवू द्या. निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

*पहिले बारा तास: चीक*

गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती मिळते फक्त चिकातून. वासराच्या आतड्यातून ती रक्तात शिरण्याची वाटही तासागणिक बंद होत जाते, आणि साधारण २४ तासांत पूर्ण बंद होते. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी पोट भरेल, प्रतिकारशक्ती मिळणार नाही.

आणि आपल्याकडे अजूनही ऐकायला मिळतं, "वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही." वार पडायला कधी आठ तास लागतात, कधी बारा. म्हणजे वासराला ज्या वेळेत चीक हवा, नेमकी तीच वेळ आपण वाया घालवतो. खरं तर वासरू सडाला लागलं, धार काढली की गाईच्या अंगात जो पान्हा सुटतो, त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदत होते. त्यामुळे वार पडायची वाट बघू नका.

३० किलोच्या वासराला पहिल्या बारा तासांत किमान तीन लिटर चीक गेला पाहिजे. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. आईखाली लुचतंय म्हणून सोडून देऊ नका, अशक्त वासरू नुसतं सड चघळत बसतं. बाटलीने पाजा, म्हणजे किती गेला ते कळतं.

खरवसाबद्दल. शेजाऱ्यापाजाऱ्यांना खरवस द्यायची पद्धत चांगली आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या धारेचा चीक वासराचा. खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा करा, तोही छान वडी धरतो. चांगल्या गाईचा पहिला चीक जास्त निघाला तर स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एखादी गाय दगावली किंवा चीक कमी आला तर कामाला येतो. वापरताना बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवा. उकळलात तर त्यातली ताकद गेली.

नाळ बेंबीपासून दोन बोटं सोडून स्वच्छ ब्लेडने कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. राख, शेण, हळद काही लावू नका.

*दूध किती?*

"वजनाच्या दहा टक्के दूध" हा नियम आपण सगळ्यांनी ऐकलाय. ३० किलोच्या वासराला तीन लिटर. माझं मत असं की हा नियम वासरू जगवायचा आहे, वाढवायचा नाही. त्यातही आपल्याकडे बऱ्याच गोठ्यांत दोन्ही वेळचं मिळून दोनच लिटर मिळतं. आईखाली मोकळं सोडलेलं वासरू दिवसातून अनेकदा पितं आणि या नियमाच्या दुप्पटही सहज पितं. जास्त दुधाने हगवण लागते ही भीती आहे, पण हगवण बहुतेक वेळा लागते ती घाणेरड्या बादलीने, थंड दुधाने, चुकलेल्या वेळांनी आणि चीक न मिळाल्याने. एकदम खूप दूध पाजलं तरीही लागते, म्हणून वाढ हळूहळू करा.

संकरित वासरासाठी मी हे वेळापत्रक सुचवते:
• पहिला आठवडा: रोज ४ लिटर (पहिले चार-पाच दिवस हा चीक आणि चिकाळ दूधच असतो, डेअरी तो घेतही नाही)
• दुसरा ते सहावा आठवडा: रोज ६ लिटर, दोन ऐवजी तीन वेळा विभागून जमलं तर उत्तम
• सातवा आठवडा: ४ लिटर
• आठवा आठवडा: २ लिटर, मग बंद

दूध अंगाच्या उबेइतकं, म्हणजे ३८ ते ३९ अंश. हगवण लागली तर दूध तोडू नका. दूध चालू ठेवा आणि दोन पाजण्यांच्या मधे ओआरएसचं पाणी द्या, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. वासरू उठत नसेल, डोळे खोल गेले असतील तर डॉक्टरांना लगेच बोलवा. मी डॉक्टर नाही, औषध त्यांनाच ठरवू द्या.

थंडीत अजून एक. लहान वासराला १५ अंशांच्या खाली थंडी बाधते. अशा रात्री त्याच्या दुधातला काही भाग अंग ऊबदार ठेवण्यातच जातो आणि वाढीला कमी उरतं. खाली कोरडं पाचट किंवा भुसा, पाठीवर पोतं, वाऱ्याच्या बाजूला आडोसा. याला पैसे लागत नाहीत.

*हिशोब*

वरच्या वेळापत्रकाने आठ आठवड्यांत २८० लिटर दूध जातं. रोज दोन लिटरने ११२ लिटर. फरक १६८ लिटरचा. दुधाला ३० रुपये धरले तर ५,०४० रुपये.

आता दुसरी बाजू. कालवड वयावर माजावर येत नाही, वजनावर येते. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाली की भरवायची. नीट वाढलेली १५-१६ महिन्यांत तिथे पोचते आणि दोन-सव्वादोन वर्षांत विते. रोडावलेली तीन वर्षं घेते. मधले आठ महिने ती फुकट खाते. रोजचा खर्च ८० रुपये धरला तरी २४० दिवसांचे १९,२०० रुपये. शिवाय त्या आठ महिन्यांचं दूध गेलं ते वेगळंच.

सगळा उशीर पहिल्या दोन महिन्यांमुळेच होतो असं नाही. पुढचं खाद्य, जंत, माज न ओळखणं हेही आहे. पण सुरुवातीला खचलेलं वासरू पुढे भरून काढणं फार अवघड जातं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या गोठ्यातल्या होल्स्टिन गाईंच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये मांडलं की दूध तुटण्याआधी ज्या वासराची रोजची वाढ एक किलोने जास्त, तिने पहिल्या वेतात साधारण ८५० किलो दूध जास्त दिलं. म्हणजे रोज १०० ग्रॅम वाढ जास्त असेल तर पहिल्या वेतात ८५ किलो दूध जास्त. आपल्या संकरित गाईंना आकडा तसाच लागू होईल असं मी म्हणत नाही, पण दिशा तीच आहे. वरचे रुपये माझे अंदाजाचे आहेत. तुमच्या गोठ्याचे आकडे घालून वहीत एकदा मांडून बघा.

*आईखाली, बादलीने की बाटलीने?*

यावर लोक हट्टाने बोलतात. माझं मत जनावरागणिक वेगळं आहे.

खिल्लार, गीर, देवणी आणि म्हैस: यांना वासरू सोडल्याशिवाय पान्हा फुटत नाही, तर सोडाच. पण पान्हा फुटला की पारडू ओढून खुंट्याला बांधायचं आणि कास पूर्ण पिळून घ्यायची, ही पद्धत बंद करा. एक सड पूर्ण सोडा किंवा धार झाल्यावर पंधरा मिनिटं परत सोडा. कासेतलं शेवटचं दूध सगळ्यात दाट असतं, ते वासराच्या पोटात जातं आणि कासही मोकळी होते. म्हशीचं पारडू मेलं की पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हैस आटते, नाहीतर कोणीतरी पान्ह्याचं इंजेक्शन आणून टोचतो. अशी इंजेक्शनं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा आहेत. पारडू नीट पाजलं असतं तर ही वेळच आली नसती.

संकरित गाय: इथे बाटली किंवा निप्पल लावलेली बादली. उघड्या बादलीत तोंड बुडवून वासरू दोन मिनिटांत दूध घटाघट संपवतं, पण चोखायची ओढ शिल्लक राहते. दुधाची चव तोंडात असेपर्यंत, म्हणजे पुढची दहा मिनिटं, ते शेजारच्या वासराचा कान, बेंबी, सड चोखत बसतं. कालवडीच्या कोवळ्या सडाला त्यातून इजा होते. निप्पलने दूध हळू जातं आणि ओढही भागते. दूध संपल्यावर निप्पल दहा मिनिटं तशीच राहू द्या आणि लगेच पुढे भरडा ठेवा. फक्त निप्पल आणि बाटली रोज गरम पाण्याने धुवा. ते जमणार नसेल तर स्वच्छ बादली बरी.

*दाव्याला एकटं बांधू नका*

आपल्याकडे गाईंसाठी मुक्त संचार गोठे झाले, छान झालं. पण त्याच गोठ्यात वासरू अजून हातभर दाव्याला बांधलेलं दिसतं. पळता येत नाही, अंग चाटता येत नाही, ओल्यातच बसावं लागतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात बरीच वर्षं यावर काम झालंय. एकट्या वासरापेक्षा जोडीने ठेवलेली वासरं खाद्य लवकर खायला लागतात, जास्त खातात, नवीन चाऱ्याला बिचकत नाहीत आणि दूध तुटल्यावर कमी ओरडतात. कारण साधं आहे. वासरू कळपातलं जनावर आहे, एक खायला लागलं की दुसरं बघून खातं.

म्हणून साधारण सारख्या वयाची दोन वासरं ६ बाय ८ फुटांच्या कोरड्या कप्प्यात मोकळी ठेवा. बांबू, जुनी जाळी, काहीही चालेल. मोठ्या गाईंच्या शेणामुतापासून लांब. पावसाळ्यात उंचवट्यावर. एखादं आजारी पडलं तर मात्र बरं होईपर्यंत वेगळं करा. वयात महिन्याभरापेक्षा जास्त फरक असेल तर एकत्र ठेवू नका, मोठं लहानाला खाऊ देत नाही.

*पाणी आणि भरडा*

"दूध पितंय की, पाणी कशाला?" हा प्रश्न मला नेहमी येतो. दूध सरळ खऱ्या पोटात जातं, कोठीपोटात जात नाही. कोठीपोट तयार होतं ते भरड्यामुळे, आणि भरडा तिथे कुजायला पाणी लागतं. चौथ्या दिवसापासून वेगळ्या घमेल्यात ताजं पाणी ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा तोंडाला लावा. नुसत्या हिरव्या चाऱ्यावर वाढवलेल्या वासराचं पोट लोंबतं आणि बरगड्या दिसतात. ते पोट भरल्याची खूण समजू नका, ते उपाशीच आहे.

घरचा भरडा, १०० किलोला:
• मका भरडा ५० किलो
• शेंगदाणा पेंड ३० किलो
• गव्हाचा कोंडा १७ किलो
• खनिज मिश्रण २ किलो
• मीठ १ किलो

बुरशी लागलेली पेंड चुकूनही नको. युरिया असलेलं कोणतंही खाद्य लहान वासराला नको. सलग तीन दिवस रोज किलोभर भरडा खाल्ला की दूध तोडायला हरकत नाही, तोवर घाई नको.

वासरू माती खातंय म्हणून मुसकं बांधतात. मुसक्याने माती थांबते, कारण तसंच राहतं. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या (म्हशीच्या पारडांना आईच्या दुधातूनच जंत येतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यातच विचारा), खनिज चाटण वीट टांगा, पोटभर दूध आणि भरडा द्या. मग मुसक्याची गरज राहत नाही.

शिंगं जाळायची असतील तर दोन-तीन आठवड्यांच्या वयात, डॉक्टरांकडून, भूल देऊन. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच घ्यायची असते, ती संधी चुकवू नका. लाळ्या खुरकुताची लस चौथ्या महिन्यापासून. २०२२ ला लम्पीने वासरांचं काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय.

*आणि गोऱ्हा?*

यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. संकरित गोऱ्ह्याला ना औताला मागणी ना बाजारात. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. मग बऱ्याच गोठ्यांत जे होतं ते आपण सगळे जाणतो. त्याला चीक मिळत नाही, दूध मिळत नाही, आणि आठ-दहा दिवसांत ते "आपोआप" जातं. हे आपोआप नसतं. आपण त्याला उपाशी मारतो, फक्त हात लावत नाही.

अडचण खरी आहे हे मला कळतं. पोसायचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर टाकून उपदेश करणं सोपं आहे. म्हणून आधी जन्मच कमी करू: कालवडी आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईंना लिंगवर्गीकृत रेतमात्रा वापरा, दहापैकी नऊ वेळा कालवड होते. तरी जो गोऱ्हा जन्मेल त्याला चीक पूर्ण आणि दोन महिने पोट भरेल इतकं दूध द्या. नुसत्या हिशोबाने बघितलं तरी उपाशी, हगवण लागलेला गोऱ्हा शेजारच्या कालवडीला रोग देतो. पण माझ्यासाठी हिशोब इथे दुसरा येतो. ज्याच्या आईच्या दुधावर आपलं घर चालतं, त्याला दोन महिने पोटभर दूध देणं हे आपलं देणं आहे.

*एवढं करा*

मोजल्याशिवाय काही बदलत नाही. घरात शिवणकामाची टेप असेलच. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. आलं वजन किलोत. उदाहरणार्थ घेर ३६, लांबी ३२ असेल तर वजन जवळपास ६३ किलो.

जन्माला ३० किलोचं वासरू दोन महिन्यांनी ६० किलोचं झालं, म्हणजे रोज अर्धा किलो वाढ, की समजायचं आपलं बरं चाललंय. ४५ वर अडकलं असेल तर आधी दूध किती जातंय ते बघा.

आज रात्री गोठ्यात गेलात की सगळ्यात लहान वासरू मोजा. जन्मतारीख, आजचं वजन आणि रोजचं दूध किती, एवढ्या तीन गोष्टी याच नंबरवर पाठवा. दूध संकलन केंद्रावर येता तेव्हा तोंडी सांगितलं तरी चालेल. महिन्याने परत मोजू. माझं कुठलं म्हणणं पटलं नसेल तर तेही कळवा, तुमच्या गोठ्यात येऊन बोलू.

आपली,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी